रोज चारला पडणारी लाईन

रुग्णालयातून फोन आला तेव्हा मीटरमामा पलीकडच्या बाईंना म्हणाले, ‘‘जरा थांबा, तुमच्या लाईनवर खरखर आहे.’’ बाई थांबल्या. मग त्यांनी सांगितलं. सकाळी तपासणीला म्हणून चालत गेलेली मामांची बायको दुपारी गेली होती. पुढे खरखरीचं काय झालं, ते मामांना आठवत नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ब्रॉडबँडच्या लाईन तपासण्यात मामांची उभी हयात गेलेली. ‘‘कुठलंही घर सांगा! इथे खुर्चीत बसून, स्क्रीनवरचा आलेख बघून तिथे काय बिघडलंय ते सांगतो!’’

फक्त एका घरापुढे त्यांनी हात टेकले होते. स्वतःच्या! रोज दुपारी चारला त्यांच्या घरची लाईन मान टाकायची आणि पाऊण तासाने आपली आपण उठून बसायची. तीन वर्षं! मामांनी तीन मोडेम बदलले, गल्ली दोनदा खणली. बायकोलाही विचारून झालं, ‘‘तू हात लावतेस का त्याला?’’

‘‘मी कशाला लावू तुमच्या डब्याला हात? किती धूळ बसलीय बघा त्यावर!’’

बायको गेल्यानंतर विसाव्या दिवशी मामा कामावर आले, तर साहेब दारातच. ‘‘अभिनंदन, मामा! एकोणीस दिवसांत लाईन एकदाही पडली नाही! काय जादू केलीत?’’

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांना एकदमच आठवलं आणि जो तो आपापल्या वायरींत तोंड खुपसून बसला.

साहेब पार ओशाळले. ‘‘तुमच्या लाईनची ती तक्रार बंद करून टाका, मामा. फक्त कारण लिहा.’’

कारण माहीत असतं तर! मामा तपासणीचा मीटर काखोटीला मारून भर दुपारी घरी आले आणि लाईनला जोडून बसले. आकडे कसे, दृष्ट लागावी असे!

आतल्या खोलीतून मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, आईचं मशीनवर काहीतरी अर्धवट राहिलंय. शिवून टाकू?’’

‘‘शिव.’’

आणि मीटर आडवा! आकडे गायब! तेवढ्यात साहेबांचा फोन. ‘‘मामा, पडली! इथे आलेखावर दिसली! काळजी करू नका, खणायला माणसं निघालीसुद्धा!’’

‘‘अगं, काय केलंस तू?’’ मामा ओरडले.

‘‘काही नाही हो. मशीनचा प्लग लावला. या खोलीत चालू बोर्ड एकच, तुमच्या डब्याचा! आईनेच दाखवलं होतं. डब्याला हात लावायचा नाही, बाबा चिडतात. नुसता त्याचा प्लग काढायचा.’’

मामांना हसू फुटलं. इतकं, की खुर्चीवरून खाली आले. हसता हसता कधी रडायला लागले, ते मुलीलाही कळलं नाही. तिने पाणी आणेपर्यंत माणसांनी गल्ली खणली होती आणि पहिल्याच घावात अख्ख्या गल्लीची केबल तोडली होती! अकरा घरं दारात हजर.

‘‘मामा, तुमच्या एका लाईनपायी आम्ही किती वेळा मरायचं?’’ समोरच्या काकू कडाडल्या. मामांचे डोळे पाहून लगेच म्हणाल्या, ‘‘जेवलात का?’’

रात्री मुलीने मशीनवरचं कापड उलगडून दाखवलं. मोडेमचं कव्हर होतं. तारांसाठी मागे भोकसुद्धा ठेवलेलं.

‘‘पुरं करू, बाबा?’’

‘‘राहू दे.’’

दुसऱ्या दिवशी केबल जोडून झाली, खड्डाही बुजला. तक्रारीवर कारणाची जागा अजून कोरी आहे, आणि कव्हरची एक बाजू शिवायची राहिली आहे.