पैलवानाची छाती

"डॉक्टर, माझ्या नजरेतून साधा अनुस्वार सुटत नाही! औषधाची सूचना काय सुटणार?"

असं ठणकावून शुद्धलेखनबाई दवाखान्यातून बाहेर पडल्या. छापखान्यात अठ्ठावीस वर्षं प्रुफं तपासून त्यांचं हेच नाव पडलं होतं. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, पण अंगातली भट्टी काही विझेना. मालक समोर बसलेले असताना बाई त्यांच्याच मजकुराच्या प्रुफांनी वारा घ्यायच्या! शेवटी डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं जेल दिलं. रोज सकाळी मोजून तेवढंच हातावर लावायचं. गर्भाशय शाबूत, म्हणून त्याच्या रक्षणाला सोबत रात्रीची गोळी. "गोळी चुकवू नका. पुन्हा रक्त दिसलं तर लगेच या. आणि हे पत्रक वाचा."

बाईंनी पत्रक वाचलं. लाल पेन घेऊन वाचलं! सात चुका काढल्या आणि समाधानानं खणात ठेवून दिलं.

नवरा घड्याळजी. त्यानं विचारलं, "काय गं, हाताला काय चोळतेस?"

"मनगट दुखतंय!" बाई म्हणाल्या. असल्या गोष्टी काय नवऱ्याशी बोलायच्या?

जेल लावलं की बाई खिडकीपाशी पेपर घेऊन बसायच्या. लगेच पैलवान यायचा. पैलवान म्हणजे त्यांचा कुत्रा, रुंद छातीचा, कपाटाएवढा. तो बाईंच्या हातावर मुंडी टेकवून मनसोक्त चाटत बसायचा.

"बघा, दुखरा हात बरोबर ओळखतो! माणसांना एवढी माया नाही!" बाई नवऱ्याला सुनवायच्या.

दोन महिने झाले. बाईंची भट्टी जशीच्या तशी. पैलवान मात्र बदलला. पोटावरचे केस गळाले. गल्लीतले कुत्रे, जे त्याला बघून शेपूट घालायचे, ते आता त्याच्या मागे लाळ गाळत फिरू लागले! एका सकाळी घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून त्याला उताणा केला आणि ओरडले, "अगं, याला स्तन आलेत!"

"काहीतरीच काय!"

"दहा आहेत! मोजून बघ!"

दोघं पैलवानाला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. त्यांनी दाबून पाहिलं, चाचपून पाहिलं आणि चेहरा गंभीर केला. "अंडकोषात गाठ असली की असं होतं. तपासण्या करू. कदाचित ते काढावे लागतील."

घड्याळजींनी पैलवानाकडे पाहिलं. "दोन्ही?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पैलवान भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला काय कळलं देव जाणे!

"एक विचारते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात कुणी हार्मोनचं मलम, जेल वगैरे लावतं का?"

"छे! ही फक्त मनगटाला..." घड्याळजी थांबले. बाई छताकडे बघत होत्या. कान लालभडक!

"अगं?"

"अहो, ते मनगटाचं नव्हतं," बाई पुटपुटल्या. "ते पाळी गेल्यानंतरचं."

"कुणाची?"

"तुमची नव्हे, एवढं नक्की!"

डॉक्टरीणबाईंनी हसू गिळून समजावलं. जेल लावलेल्या जागेचा स्पर्श लहान मुलांना, प्राण्यांना होऊ द्यायचा नाही. लावून झालं की तळहात साबणानं धुवायचे, जेल वाळू द्यायचं, वर कपडा घ्यायचा. "पत्रकात असतं की हे! वाचलं नाहीत?"

घरी येऊन बाईंनी खण उघडला. पत्रकात वाक्य होतं. 'पाळिव प्राण्यांना चाटू देऊ नये.' त्यातली 'ळि' बाईंनी लाल शाईनं दीर्घ केली होती!

त्यांनी लगेच आपल्या डॉक्टरांना फोन लावला. "जेल लागू पडत नाही म्हणून दुप्पट लावणार होते हो मी!"

"मनानं काहीही वाढवू नका!" डॉक्टर ओरडले. "आधी तुमचं औषध तुमच्या अंगात तर जाऊ द्या!"

त्या दिवसापासून बाई जेल वाळलं की लांब बाह्या चढवू लागल्या. पैलवान आठवडाभर रुसला. पण हळूहळू त्याची सूज उतरली आणि बाईंची भट्टीही निवली. गाठबीठ काही नव्हती.

मग एकदा दोघं पैलवानाला फिरवून येत होते, तर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. पदरानं वारा घेत म्हणाल्या, "काय झालं होतं हो तुमच्या कुत्र्याला?"

बाईंनी नवऱ्याला कोपरखळी मारली, पण उशीर झाला. घड्याळजी खुलासा करून मोकळे झाले, "काही नाही हो! पाळी गेली हिची, औषध खाल्लं यानं, आता गुण आलाय दोघांना!"

बाईंना वाटलं, लिफ्टचं दार आत्ताच्या आत्ता उघडावं. काकूंनी कपाळाचा घाम पुसला. मग बाईंच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या,

"मलाही द्या ना त्या डॉक्टरांचा नंबर. पण आमच्याकडे कुत्रा नाही हो... तरी चालेल ना?"