शिट्टी न होणारा कुकर

सारजाबाईंनी उठवलं तेव्हा मच्छिंद्र थर्ड शिफ्ट करून येऊन झोपला होता आणि स्वप्नात भाकरी खात होता. गेले तीन महिने तो भाकरी स्वप्नातच खात होता.

“मच्छू, उठ बाबा. कुकर शिट्टी करंना.”

“करंल की,” म्हणून त्यानं कूस बदलली.

“आरं, नीलमनं कामावर जायच्या आधी लावलाय. मी दळण आणलं, शेळ्यांना पाला टाकला, धुणं धुऊन वाळत घातलं. एक शिट्टी न्हाई. जाताना म्हणली, आत्या, कुकर लावलाय, झाकणाला हात लावू नका. म्हणून मी बसले वाट बघत.”

मच्छिंद्रचे डोळे खाडकन उघडले. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत तो रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर होता आणि सेफ्टी कमिटीवरही होता. उसाला पाणी धरायला हेल्मेट घालून जाणारा पंचक्रोशीतला तो एकटाच. वस्तीवरची माणसं त्याला त्यावरून हसायची, पण तो मनावर घ्यायचा नाही. त्याच्या मनावर सध्या वेगळाच दगड होता. दुसऱ्या दिवशी कंपनीची मेडिकल होती. शुगर खाली आली नाही तर प्लांटमधून काढून भंगारयार्डच्या गेटवर बसवू, असं डॉक्टरांनी मागच्या खेपेला सांगितलं होतं. हेल्मेट घालून गेटवर बसणं म्हणजे नवरदेवाच्या कपड्यात मंडपाबाहेर चपला सांभाळणं. म्हणून भाकरी बंद, भात बंद, गोड तर बघायचंसुद्धा नाही.

तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

ओट्यावर एक काळं, बुटकं, अंगानं भरलेलं भांडं बसलं होतं. काल दिवसा तो झोपलेला असताना कधीतरी ते घरात आलं असावं. त्याला शिट्टी नव्हती. शिट्टी बसवायची जागासुद्धा नव्हती. रबर नव्हतं. खाली गॅस पेटलेला नव्हता, वायर थेट भिंतीतल्या बोर्डात गेली होती आणि एक लाल दिवा त्याच्याकडे टक लावून बघत होता. काचेचं झाकण वाफेनं आंधळं झालं होतं. आत मधूनच एखादा बुडबुडा ‘बुळुक’ करायचा आणि मग बराच वेळ काहीच नाही.

“आई,” मच्छिंद्र हळू आवाजात म्हणाला, “ह्याला सेफ्टी व्हॉल्व्हच न्हाई.”

“म्हंजी?”

“म्हंजी शेळ्या सोड.”

शेजारचे संपतआप्पा साखर कारखान्यात बॉयलरवर राहून रिटायर झाले होते. त्यांना बोलावलं. त्यांनी खिडकीतून, एका डोळ्यानं, भांडं पाहिलं आणि टोपी काढली.

“आवाज करणारा बॉयलर कवाबी परवडला,” ते म्हणाले. “गप बसलेला वाईट. सकाळपासून गप हाय म्हणता?”

“एक शिट्टी न्हाई, आप्पा,” सारजाबाई म्हणाल्या.

“मग सारजे, तुझं सोनं-नाणं काय असंल ते घे.”

इथून पुढं सगळं शिकवल्याप्रमाणं झालं. वस्तीवरची निम्मी तरणी पोरं कुरकुंभला कंत्राटी कामाला होती आणि प्रत्येकाचं सेफ्टी ट्रेनिंग झालेलं होतं, ते वापरायची संधी तेवढी आजवर मिळाली नव्हती. सेकंड शिफ्टला निघालेल्या सम्राटनं बॅग टाकली आणि गल्लीतून ओरडत सुटला, “पळू नका, चाला. चपला नंतर. चाला.” लोक पळाले. मच्छिंद्रनं हेल्मेट चढवलं, सारजाबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यावरून वाऱ्याची दिशा ठरवली आणि वारा येतो त्या बाजूला असेंब्ली पॉइंट जाहीर केला. त्या बाजूला उकिरडा होता. नियम म्हणजे नियम. बघता बघता सगळी गल्ली उकिरड्यावर उभी राहिली. एक बाळंतीण बाजेसकट आली. एक म्हैस स्वतःहून आली.

सरपंच मालनबाई घामाघूम होत पोचल्या. “मच्छिंद्र, कंपनीतनं काय आणलंस का घरी?”

“न्हाई ओ. कुकर हाय.”

“मग कुकरात काय हाय?”

मच्छिंद्रला ते माहीत नव्हतं. त्यानं बायकोला, नीलमला, फोन लावला. ती कुरकुंभलाच एका कंपनीत पॅकिंगला होती आणि तिथं फोन लॉकरमध्ये ठेवावा लागे. चहाच्या सुट्टीत तिनं मिस्ड कॉलचा ढीग बघितला आणि घाबरून उलटा फोन केला.

“काय झालं ओ? आत्या बऱ्या हायत ना?”

“नीलम, कुकर शिट्टी करंना.”

“करणारच न्हाई,” नीलम म्हणाली. “स्लो कुकर हाय त्यो. ऑनलाइन मागवला. आठ तास मंद शिजतंय, आपण बघायचंबी न्हाई. खिम्याचे गोळे टाकलेत तुमच्यासाठी, लो कार्ब. पीठ न्हाई, पाव न्हाई, बटाटा न्हाई. मी दमून येते, मला चुलीम्होरं उभं राहवत न्हाई. आज आल्या आल्या आयतं जेवू, आन् उद्या तुमची मेडिकल. तेवढं झाकण उघडू नका, आन् लाईट घालवू नका, गोळे कच्चे राहत्यात. ऐकताय ना?”

मच्छिंद्र ऐकत होता. ऐकता ऐकता तो उकिरड्याकडे बघत होता. सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हेल्मेटला कुणी हसत नव्हतं. बाळंतिणीनं बाळाला त्याच्या बाजूनं वळवून धरलं होतं.

“हं,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

“काय म्हणली?” मालनबाईंनी विचारलं.

खोटं बोलायचं नाही, असं मच्छिंद्रनं ठरवलं. खरं तेवढंच, पण थोडं थोडं सांगायचं.

“झाकण उघडायचं न्हाई म्हणली.”

सगळा उकिरडा एक पाऊल मागं सरकला.

“आत हाय काय पण?”

“गोळे.”

“गोळे?” संपतआप्पांनी पुन्हा टोपी काढली.

“आठ तास लागत्यात म्हणली. आन् लो कार्ब हाय.”

“कार्ब म्हंजी कार्बाईड,” सम्राट पुढं सरसावला. “आन् लो म्हंजी खाली बसणारं. जड गॅस, भाऊ. हे ट्रेनिंगला होतं. जमिनीलगत पसरतंय.”

बायांनी पोरं खांद्यावर घेतली. मच्छिंद्रला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तेवढ्यात सगळे उकिरड्याच्या वरच्या टोकाला सरकले आणि बोलायला माणूसच जवळ राहिला नाही.

सम्राटनं वायरमनला फोन करून सगळ्या वस्तीची लाईट घालवायचं काढलं, तेव्हा मात्र मच्छिंद्र जागचा हलला. “लाईटला हात लावायचा न्हाई,” तो गरजला.

“का पण, भाऊ?”

“अर्धवट थांबलं तर लई वाईट. कच्चं राहतंय.”

“रिअ‍ॅक्शन कच्ची राहिली तर फुटतंय,” सम्राटनं लोकांना समजावून सांगितलं. लोकांनी मच्छिंद्रकडे आदरानं पाहिलं. ज्ञान असतं एकेकाला.

ऊन कलायला लागलं. म्हशींच्या धारांची वेळ टळत आली. मच्छिंद्रच्या पोटात सकाळपासून एक काकडी होती आणि तीही एकटी पडली होती. आठ तास होत आले तसं त्यानं ठरवलं, की आता आत जायचं, बटण बंद करायचं, बाहेर यायचं आणि ‘धोका टळला’ म्हणायचं. कुणाला काही कळायचं कारण नाही.

“मी एकटाच जातो,” तो म्हणाला.

सारजाबाईंनी त्याचा हात धरला. “लेका, नगं जाऊ. घर गेलं तर जाऊ दे.”

“जायला पायजे, आई,” मच्छिंद्र म्हणाला आणि त्याचा त्यालाच गहिवर आला.

आत जाऊन त्यानं बटण बंद केलं. तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण शिजलंय का नाही हे बघणंही जबाबदारीत येतं. त्यानं झाकण उचललं. वाफ चेहऱ्यावर आली, तिच्यात लसूण होता, कोथिंबीर होती, खिमा होता. लाल रश्श्यात डझनभर गोळे एकमेकांना टेकून निवांत बसले होते. मच्छिंद्रनं एक तोंडात टाकला.

तो निखाऱ्यासारखा गरम होता. “आआआ,” मच्छिंद्र ओरडला.

उकिरड्यावरून सारजाबाई निघाल्या. मागून दहा जण ‘थांबा’ म्हणत होते. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं खाली न बसलेली ती बाई तीरासारखी दारातून आत शिरली आणि समोर लेक हेल्मेट घालून, गाल फुगवून, हातात दुसरा गोळा धरून उभा.

“ह्ये काय?” सारजाबाई म्हणाल्या.

“खिम्याचे गोळे. शिट्टी नसतीच ह्याला.”

“तुला कवा कळलं?”

“दुपारी.”

सारजाबाईंनी कपाळावर हात मारला. मग तोच हात पुढं केला. “दे एक. सकाळपासून च्या घेतलेला न्हाई मी.”

दोघंही बाहेर येईनात तेव्हा संपतआप्पा म्हणाले, “सारजी माझी मानलेली बहीण हाय,” आणि धोतराचा सोगा नाकाला लावून आत घुसले. ते आत आले, त्यांनी पाहिलं, सोगा नाकावरून काढला आणि वास घेतला. मच्छिंद्रनं वाटी पुढं केली.

“मीठ कमी हाय,” तिसरा गोळा संपवून आप्पा म्हणाले. “पण नरम हाय. दात नसल्याचं वाईट वाटत न्हाई.”

भांड्याचा तळ दिसायला लागला तेव्हा बाहेरून सम्राटचा आवाज आला. “आता कुणी आत जायचं न्हाई. पहिला पडला, त्याला काढायला गेलेला दुसरा पडला, दुसऱ्याला काढायला गेलेला तिसरा पडला. ट्रेनिंगमधी ह्येच चित्र होतं. डिट्टो.”

“पोती भिजवा,” मालनबाई ओरडल्या. “तोंडाला बांधा आन् ओढून काढा तिघांना.”

धपाधप पावलं दाराकडे यायला लागली. हात बरबटलेले, भांडं रिकामं, तीन माणसं तृप्त. आता काय सांगायचं?

बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला निर्णय पटकन घ्यायची सवय असते. “झोपा,” संपतआप्पा म्हणाले आणि स्वतः आधी आडवे झाले. सारजाबाईंनी मिशरी लावतानाही मिटले नसतील इतक्या शांतपणे डोळे मिटले. मच्छिंद्र हेल्मेटसकट त्यांच्या पायाशी पसरला.

पोत्यांनी तोंडं बांधलेल्या पोरांनी तिघांना उचलून उकिरड्यावर आणलं. कुणीतरी रडायला लागलं. “श्वास चालू हाय,” मालनबाई मच्छिंद्रच्या छातीला कान लावून म्हणाल्या, “पण पोट लई फुगलंय.”

“गॅस पोटात गेलाय,” सम्राट म्हणाला. “गूळ आणा.”

मच्छिंद्रच्या मिटलेल्या डोळ्यांपुढं अंधारी आली. प्लांटमध्ये जरा धूर-धुरळा झाला की हातावर गुळाचा खडा ठेवायची रीत. आणि ही वस्ती उसाची. गूळ शोधायला लांब जायची गरज नव्हती. प्रत्येक घरातून खडा आला. कुणी अर्धी ढेप घेऊन आलं. सारजाबाई आणि आप्पांनी शुद्धीवर येत येत आपापला खडा गोड मानून घेतला. वर आप्पांनी तर दुसराही मागितला. मग मालनबाईंनी मच्छिंद्रचा जबडा धरला.

तो ताडकन उठून बसला. “मला काय झालेलं न्हाई. गूळ नगं. उद्या माझी मेडिकल हाय.”

“पड, पड. आंग थरथरतंय तुझं.”

“ऐका सगळे,” मच्छिंद्र म्हणाला. आता इज्जत गेली तरी चालेल, पण प्लांट जाता कामा नये. “गॅस न्हाई, कार्बाईड न्हाई, काय न्हाई. कुकरात खिम्याचे गोळे होते. मला दुपारीच कळलं होतं. आम्ही तिघं आत बसून खात होतो.”

बाळंतिणीनं पदर डोळ्याला लावला.

“बरळायला लागला,” सम्राट हळूच म्हणाला. “डोक्यात गेलाय.”

“आप्पा, सांगा ह्यांना,” मच्छिंद्र म्हणाला.

संपतआप्पांच्या तोंडात गूळ होता. “चांगला होता ओ पोरगा,” ते म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली.

“आई.”

सारजाबाईंनी पुन्हा डोळे मिटून घेतले.

एवढ्यात हायवेला कंपनीची बस थांबली आणि नीलम खांद्याला पर्स अडकवून चालत आली. आज आल्या आल्या आयतं ताट, हे एकच तिच्या डोक्यात होतं. उकिरड्यावर सगळी गल्ली, मधोमध हेल्मेटातला नवरा, शेजारी सासू आणि सगळ्यांच्या हातात गूळ. ती थांबली. तिला पाच-सहा जणांनी एकदम पाच-सहा हकिकती सांगितल्या. ती सरळ घरात गेली. आतून झाकण उचलल्याचा आवाज आला. मग झाकण ठेवल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही, आणि सम्राटनं पुन्हा पोतं भिजवायला घेतलं.

नीलम बाहेर आली. मच्छिंद्र तिच्याकडे देवाकडे बघावं तसा बघत होता. “नीलम, तू सांग. गोळे होते का न्हाई?”

नीलम त्याच्याजवळ गेली, वाकली, त्याच्या मिशीला लागलेला रश्श्याचा थेंब तिनं पदरानं पुसला आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं, “माझ्यासाठी किती ठेवले?”

मच्छिंद्रनं तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं.

“ह्यांना भास व्हायला लागलेत,” नीलम मालनबाईंना म्हणाली. “तोंड उघडं हाय तवर चांगला मोठा खडा द्या. आन् कुणाकडं भाकरी झाली असंल तर मला एक बघा.”