सासूबाईंचा सूर्य

"लोक पावसाळ्यात कांदा सोडतात, लसूण सोडतात. हिने थेट सूर्य धरला."

सासरे टॉवेलमध्ये तोंड खुपसून पुटपुटले. टॉवेलातून आवाज बाहेर जात नाही, असा त्यांचा समज होता. शेजारी दमट कपड्यांच्या घड्या घालत असलेल्या सुनेला सगळं ऐकू आलं, पण तिने ऐकलं नाही असं दाखवलं. तिच्याही मनात तेच चाललं होतं.

सासूबाईंचा नेम त्यांच्या आईकडून आलेला. पावसाळ्याचे महिने सूर्याचं दर्शन घेतल्याशिवाय जेवायचं नाही. पाण्याचा तांब्या घेऊन गच्चीत जायचं, ढगातून बिंब दिसलं की हात जोडायचे, मग पाणी सोडायचं आणि मगच पानावर बसायचं. आणि बिंब समोर आहे तोवर तोंडातून अक्षर काढायचं नाही. याबाबत त्या फार कडक होत्या. सून नवी असताना एकदा आनंदाने "आई, दिसला" म्हणाली, तर त्या दिवशीचं दर्शन बाद झालं होतं आणि सगळं घर पुन्हा ढगांकडे बघत बसलं होतं.

एरवी दुपारपर्यंत आभाळात कुठेतरी फट पडायचीच. काल पडली नाही. रात्री सासूबाई कपभर दूध पिऊन झोपल्या. आज सकाळपासून पुन्हा तेच, आभाळ म्हणजे पालथी घातलेली कढई. त्यातून त्यांना साखरेचा त्रास. गोळी जेवणाशिवाय घ्यायची नाही आणि गोळीशिवाय राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. कालपासून गोळी डबीत आणि डबी सुनेच्या कमरेला.

मोठ्या माणसाआधी जेवायचं नाही, असं या घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मोडता तरी आलं असतं. त्यामुळे स्वयंपाक झाकून ठेवलेला आणि भूक हा शब्द घरातून हद्दपार. बिस्किटांचा डबा मात्र आपोआप हलका होत होता. सासरे कपाटातला स्वेटर शोधायला वारंवार जात होते आणि दर वेळी स्वेटर न घेता, मिशा पुसत परत येत होते.

पहिला उपाय सासऱ्यांनी केला. त्यांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी लगेच सवलत दिली, देवापुढचा दिवा सूर्य समजून पाहिला तरी चालतं म्हणाले. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी जेवता जेवता बोलत होते," त्या म्हणाल्या. "मागे वाटीचा आवाज येत होता."

मग मुलगा पुढे सरसावला. त्याचा फोटोचा स्टुडिओ होता. उजेड कुठून आणायचा हा त्याचा रोजचा धंदा. तो भिजत दुकानात गेला आणि ताटाएवढा सूर्य छापून घेऊन आला. किरणं अशी की सुनेनेही क्षणभर डोळे बारीक केले.

"कधीचा आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यातला."

"मग गेल्या उन्हाळ्यात जेवले की मी."

फोटो भिंतीला टेकवून ठेवला गेला. दुपारी सासूबाई गच्चीच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर तांब्या. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून तांब्यातलं पाणीही थरथरत होतं. सुनेने ते पाहिलं आणि आता मात्र बोलायचंच असं ठरवलं. नेम बिम राहू द्या, दोन घास खा, एवढंच. वाक्य तिने जुळवून ठेवलं. तेवढ्यात सासूबाईंची मान कलली. त्यांना डुलकी लागली होती.

पाऊस थांबला म्हणून सून दोरीवरचे चिमटे आत घ्यायला गच्चीत गेली. ती वर का बघतेय म्हणून मुलगा गेला. दोघं आत का येत नाहीत म्हणून सासरे गेले.

ढग उसवत होते. आधी कडेला एक सोनेरी धागा, मग चीर, आणि मग आख्खं बिंब बाहेर आलं, नुकतं धुतल्यासारखं. ओल्या गच्चीत दुसरा सूर्य उतरला. दोरीवरच्या थेंबाथेंबात एकेक चिमुकला सूर्य लटकला. समोरच्या गच्चीत शिंपीणकाकू हातातला ओला ब्लाउज पिळायला विसरल्या. तिघांचे हात आपोआप जोडले गेले. कोणी बोललं नाही. नियमच होता तसा. पण नियम नसता तरी त्या घडीला कोणाला काय बोलता आलं असतं, कोण जाणे. मुलाच्या खिशात कॅमेरा होता, त्याला तो आठवलाही नाही.

मग ढग मिटले. टपकन एक थेंब सासऱ्यांच्या टकलावर पडला आणि तिघांनी एकदमच मागे वळून दाराकडे पाहिलं.

सासूबाई जाग्या होत होत्या.

"थांबला का पाऊस?" त्यांनी विचारलं.

मुलगा दाराची कडी तपासू लागला, जणू तिच्यात मोठा बिघाड होता. सून चिमटे मोजायला लागली. शिंपीणकाकू समोरून काहीतरी ओरडणार होत्या, तोच सुनेने त्यांच्याकडे असं पाहिलं की काकू ब्लाउजसकट आत गेल्या.

"आला होता गं," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी मांडीवरचा तांब्या सावरला.

"हाक मारायला हवी होती. पण हात जोडले होते. तूच सांगितलंयस, बोलायचं नाही म्हणून." ते बायकोच्या खुर्चीपाशी ओल्या फरशीवरच बसले. जन्मभर नेमाची चेष्टा केलेला माणूस, शब्द शोधत राहिला. "एवढी वर्षं तू रोज हे बघतेस होय? मला वाटायचं, ऊन बघतेस."

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे, मग सुनेकडे. तिघांचे चेहरे नुकतीच पूजा झालेल्या देव्हाऱ्यासारखे दिसत होते. सासऱ्यांच्या मिशीला बिस्किटाचा चुरा होता, तो सासूबाईंनी बोटाने झटकला.

त्या उठल्या. जिथे मघाशी उजेड पडला होता तिथे, नवऱ्याला विचारून विचारून नेमक्या त्याच जागी, त्यांनी तांब्यातलं पाणी सोडलं. हात जोडले. सगळे श्वास धरून उभे.

"वाढ बाई," त्या सुनेला म्हणाल्या. "कालपासून मरणाची भूक लागलीय मला."