पाखरू एअरचा मॅनेजर

नवी कंपनी टिकणार की बुडणार, हे मला लगेच कळतं. अंबरनाथला एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं क्वालिटी बघतोय, उगाच नाही. त्यामुळे पाखरू एअरची जाहिरात बघितली त्याच दिवशी मी आमच्या शिरगावच्या घरात जाहीर केलं, "कुंदा, ही कंपनी त्या मोठ्या कंपन्यांना घाम फोडणार. लिहून ठेव."

कुंदाने काही लिहिलं नाही. भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "विमानं किती आहेत त्यांच्याकडे?"

"एक."

"आणि मोठ्या कंपन्यांकडे?"

"संख्येवर काय असतं? एकच असलं की माणूस जपून वापरतो."

माझी बहीण सुहासिनी नागपूरला असते. तिच्या राजसीचं लग्न होतं, आणि राजसीला मी एकुलता एक मामा. मुलीला हात धरून बोहल्यावर न्यायचं आणि अंतरपाटाशी तिच्या पाठीमागे उभं राहायचं, हे मामाचं काम. बोहल्यावर ती नेसते ती पिवळी साडीही मामाकडचीच. मुहूर्त संध्याकाळी सहा वीसचा. कुंदा म्हणत होती, आदल्या दिवशी रेल्वेने जाऊ. मी पाखरूचं सकाळी आठचं तिकीट काढलं. साडेनऊला नागपूर, दहाला पोहे.

या लग्नासाठी उल्हासनगरला खास निळा ब्लेझर शिवून घेतला होता. तो घालूनच निघालो. नवी मुंबईच्या विमानतळावर पोचलो तर पाखरूच्या काउंटरवर करिष्मा नावाची एकच मुलगी. तिचा कोटही निळा, अगदी माझ्या ब्लेझरच्या रंगाचा. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं.

साडेसात झाले तरी बोर्डिंगची घोषणा नाही. आम्ही तेवीस प्रवासी करिष्माभोवती जमलो.

"विमान आलेलं आहे," ती म्हणाली. "कॅप्टन आलेले नाहीत."

"म्हणजे ट्रॅफिकमध्ये आहेत?" कुणीतरी विचारलं.

"नाही. त्यांनी रात्री दुसऱ्या कंपनीची ऑफर घेतली."

लोक भडकले. ती पोरगी रडवेली झाली. मला राहवेना. मला एक खोड आहे, मी ज्याची बाजू घेतो त्याला 'आपलं' म्हणतो. मी पुढे झालो.

"हे बघा, शांत व्हा. ही मोठ्या कंपन्यांची चाल आहे. आपण नागपूर सुरू केलं, त्यांनी त्याच वेळेला विमान टाकलं. आपण भाडं उतरवलं, त्यांनी त्याहून उतरवलं. आता आपला कॅप्टन पळवला. पण आपण डगमगणार नाही. आपली सर्व्हिस एक नंबर आहे."

गर्दी शांत झाली. मला वाटलं, मुद्दा पटला. तेवढ्यात उल्हासनगरचे एक कापड व्यापारी, मोटवानी शेठ, त्यांनी माझा दंड धरला. "साईं, मॅनेजर आप हो तो इतनी देर चुप काहे बैठे थे?"

"मी मॅनेजर नाही. मी पॅसेंजर आहे."

"अभी तो बोला, आपला कॅप्टन, आपली सर्व्हिस."

"अहो, ते पॅसेंजरच आहेत," करिष्मा म्हणाली.

"बघा, साहेबाला कशी वाचवतेय," मागून एक बाई म्हणाल्या.

त्यानंतर माझं कुणी ऐकलंच नाही. एका आजोबांनी मला बीपीची गोळी आणि पाणी मागितलं. एका आईने बाळाचं दूध गरम करून आणायला पाठवलं, आणि मी गेलो. परत येतोय तोवर कुंदा लांब बाकावर बसून डब्यातली पोळी-भाजी खात होती.

"मी सांगू का त्यांना, तुम्ही माझे आहात म्हणून?"

"सांग ना."

"नको. मग मलाही घेरतील."

साडेअकराला करिष्माला वरिष्ठांचा फोन आला की प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे द्या. करिष्मा आणि मी मोठ्या कंपनीच्या काउंटरवर गेलो. तिथल्या सुटातल्या बाईंनी मला बसायला खुर्ची दिली. "तुमच्याबद्दल वाईट वाटतं हो," त्या म्हणाल्या. "एका विमानावर कसं चालवता?" दुपारी एकच्या विमानात बावीस जागा होत्या. आम्ही तेवीस.

मी खिशातून तिकीट काढलं, लग्नाची पत्रिका दाखवली, भाची, मुहूर्त, सगळं सांगितलं. लोकांनी नीट ऐकून घेतलं. मग मोटवानी शेठ शांतपणे म्हणाले, "साईं, पब्लिक पहले. मालिक लोग बाद में." बाळाच्या आईनेही मान डोलावली. सकाळी मी मॅनेजर होतो, दुपारपर्यंत मालक झालो.

मी कुंदाकडे बघितलं. ती पिवळ्या साडीची पिशवी छातीशी धरून उभी होती.

"साडी तरी पोचायला हवी," ती म्हणाली. "तुम्ही रात्रीच्या विमानाने या."

ते बावीस जण गेले. जाताना आजोबांनी मला आशीर्वाद दिला. उतरल्यावर कुंदाचा फोन आला, "पोचलो वेळेवर. आणि तुमचा कॅप्टन इकडेच आहे हो. घोषणा करताना म्हणाला, कालच जॉईन झालो. उतरवलंन मात्र अलगद."

सहा वीसला मी बाकावर बसून व्हिडिओ कॉलवर लग्न बघितलं. राजसी पिवळ्या साडीत, आणि तिच्या पाठीमागे मामाच्या जागी कुंदा, ताठ उभी. राजसीने मोबाईलकडे बघून हात हलवला आणि माझे डोळे भरून आले. तिला दोन वर्षांची असल्यापासून सांगत आलो होतो, तुला बोहल्यावर मीच नेणार. शेजारी बसलेली करिष्माही डोळे पुसत होती.

"सर, एक सांगू?" ती म्हणाली. "त्या सुटातल्या मॅडमनी मला नोकरीचं विचारलंय. उद्यापासून या म्हणाल्या."

"जा बाळा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिने गळ्यातला निळा स्कार्फ काढला, घडी घालून काउंटरवर ठेवला, मला नमस्कार केला आणि निघून गेली. पाखरू एअरचं त्या विमानतळावर आता कुणीच उरलं नव्हतं. उरलो होतो तो मी.

तेवढ्यात एक वयस्कर जोडपं माझ्याकडे आलं. जांभूळ गावचे मधुकाका आणि त्यांची बायको गोदूबाई. मुलाला सोडायला पास काढून आत आले होते.

"सायेब, पाखरूचे हापिसातले ना तुमी? आमाला इंदूरला जायचंय पुढच्या आठवड्यात. तिकीट काढू का?"

दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी माझं मत विचारत होतं. मी हात जोडून अगदी मनापासून सांगितलं, "काका, या कंपनीचं तिकीट काढू नका. कॅप्टन नाही, माणसं नाहीत. महिनाभरही टिकणार नाही. दुसऱ्या कंपनीने जा."

मधुकाका माझ्याकडे बघतच राहिले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "गोदू, ऐकलास? एवरा खरा बोलणारा सायेब कुठं बघितलास? आपुन यांच्याच इमानानी जायाचा."