डाव्या खिशात गोल, उजव्या खिशात चौकोन

एका बुधवारी सकाळी मी ठरवलं, की आता नवा फोन घ्यायचा. बस्स, गुन्हा एवढाच. जुना फोन दोन वर्षं अंथरुणालाच खिळला होता. चार्जिंगची वायर एका ठराविक कोनात धरावी लागे आणि तो कोन शेजारी कुणी शिंकलं नाही तरच जुळे. समोरचा ‘हॅलो’ म्हणाला की मला फक्त ‘लो’ ऐकू येई. (साहेबांच्या बाबतीत हा दोष मी बरीच वर्षं गुण म्हणून वापरला.)

दुसरा कुणी असता तर दुकानात गेला असता, फोन घेतला असता आणि घरी येऊन काचेवरच्या प्लास्टिकखालचा बुडबुडा नखाने दाबत बसला असता. पण माझ्या नशिबात दुकान नाही, दुकानं आहेत. बाजारातल्या रस्त्याच्या एका बाजूला माझ्या मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं. बरोब्बर समोर दाजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. मेहुणा एका बड्या कंपनीचे फोन विकतो, दाजी तिच्या हाडवैरी कंपनीचे. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही, कारण त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे आणि माझ्याकडे एक छत्री. आमच्या घरात त्यांना ‘गोल’ आणि ‘चौकोन’ म्हणतात. मेहुण्याच्या फोनच्या पाठीवर कॅमेरे गोलात बसवलेले असतात, दाजींच्या फोनवर चौकोनात. दोन्ही फोनांत मला तेवढाच फरक कळतो, पण हे मी दोन्ही दुकानांत कधी बोललेलो नाही.

या दोन कंपन्यांचं वैर खरं तर कुठेतरी दूर, काचेच्या उंच इमारतींत चालतं. एकीने तीन कॅमेरे लावले की दुसरी चार लावते. एकीने फोन पातळ केला की दुसरी म्हणते, आमचा इतका पातळ आहे की हातात आहे हेच कळत नाही. तिथले मालक संध्याकाळी एकत्र चहासुद्धा पीत असतील. आमच्या रस्त्यावर मात्र मेहुणा आणि दाजी दोन वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. मेहुण्याने पाटी लावली, ‘खरा फोन इथेच मिळेल.’ दुसऱ्या दिवशी दाजींची पाटी लागली, ‘खोटा फोन समोर मिळेल.’ तेव्हापासून बोलणं बंद झालं आणि पाट्या वाढत गेल्या.

यात भरडल्या गेल्या त्या माझी बायको आणि ताई. नणंद-भावजय असूनही दोघींचं चांगलं मेतकूट जमलेलं. पूर्वी दर रविवारी सगळ्यांचं एकत्र जेवण व्हायचं आणि मग दुपारभर दोघींच्या गप्पा. आता एकीच्या नवऱ्याला आणि दुसरीच्या भावाला चुकवून त्या भाजीवाल्याकडे भेटायच्या आणि अर्धा किलो टोमॅटो निवडायला तासभर लावायच्या. त्याच आठवड्यात ताई टोमॅटो हातात धरून रडली. बायको घरी आली ती कंबर कसूनच.

“रविवारी दोघांनाही जेवायला बोलावलंय,” ती म्हणाली. “माझा भाऊ येणार, ताई आणि दाजी येणार. एका टेबलावर बसणार.”

“आले तर!”

“येतील. दाजींना ताईने धमकी दिलीय आणि भावाला मी. पण या वेळी फिसकटलं ना, तर पुन्हा आयुष्यात जमायचं नाही. तेव्हा तुम्ही रविवारपर्यंत एक काम करा.”

“सांग ना!”

“काही करू नका.”

मी मान डोलावली. मला काय ठाऊक, की दोन्ही कंपन्यांनी नवा फोन बाजारात आणायला नेमका गुरुवारचा दिवस धरला होता!

काय सांगू तुम्हाला त्या गुरुवारची धमाल! रस्त्याच्या एका बाजूला निळे फुगे, दुसऱ्या बाजूला तांबडे. दोन्हीकडे कर्णे, दोन्हीकडे गाणी, आणि मधल्या पट्ट्यात ती एकमेकांत मिसळून असा काही कल्लोळ, की वाहतूक पोलिसाने शिट्टी खिशात ठेवून कानात बोटं घातली होती. मी ऑफिसातून नुसता बघायला आलो होतो, शपथेवर सांगतो.

“भावजी!” मेहुणा गर्दीतून धावत आला. “देवासारखे आलात! धरा.”

“अरे, मी नुसता...”

“आठ दिवस वापरा! नंबर आमच्या दुकानाचा, पैसे नको, काही नको. फक्त शनिवारपर्यंत शंभर शब्दांत अभिप्राय लिहून द्या. सोमवारी मोठा बोर्ड करून लावतो. समोरच्यांच्या पोटात असं दुखेल ना!”

डबा काखोटीला मारून मी बाहेर पडलो, तर समोर दाजी दारात उभे. त्यांनी हाक मारली नाही. ते नुसते चष्मा पुसत माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात माझ्या पहिल्या नोकरीसाठी त्यांनी टाकलेल्या शब्दापासूनचे सगळे उपकार होते. मी डबा शर्टात कोंबला आणि रस्ता ओलांडला.

“पोट सुटलंय तुझं,” दाजी म्हणाले. “चौकोनी.”

“बैठं काम आहे ना, दाजी.”

“हा घे आमचा नवा. आठ दिवस वापर, पण शनिवारपर्यंत चार ओळी लिहून दे. सोमवारी बोर्डावर लावीन.”

मला नाही म्हणता येत नाही, असा माझा मृदू स्वभाव आहे. (बायको याला ‘कणा नसणे’ म्हणते.) मी घरी आलो तेव्हा माझ्याकडे दोन फोन होते आणि दोन्ही दुकानदारांकडून मी एकच वचन घेतलं होतं, रविवारपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही.

पुढचे दोन दिवस मी हेरासारखा जगलो. डाव्या खिशात गोल, उजव्या खिशात चौकोन. मेहुण्याच्या दुकानावरून जाताना हातात गोल, दाजींच्या दुकानावरून जाताना चौकोन, आणि रस्ता ओलांडताना जादूगारासारखी अदलाबदल. दोन्ही फोन माझी पावलंही मोजत होते. शुक्रवारी गोल म्हणाला चार हजार, चौकोन म्हणाला पाच हजार. म्हणजे माझा उजवा पाय डाव्यापेक्षा हजार पावलं पुढे निघून गेला होता! पण मजा येत होती हो. नोकरीच्या चोवीस वर्षांत माझ्या आयुष्यात इतकं काही घडलंच नव्हतं.

शनिवारी मी अभिप्राय लिहायला बसलो, आणि इथे माझ्या नोकरीविषयी सांगायला हवं. मी आवक-जावक कारकून आहे. बाहेरून येणारं पत्र आवक, बाहेर जाणारं जावक, आणि जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक कार्यालयीन प्रत फायलीला. माझ्या हातून प्रत ठेवल्याशिवाय एक चिटोरंही बाहेर पडलेलं नाही. (लग्नाआधी बायकोला लिहिलेल्या पत्रांच्याही प्रती आहेत. पहिल्याच पत्रावर जावक क्रमांक बघून तिने सावध व्हायला हवं होतं.)

तर मी गोल फोनवर लिहिलं:

‘जावक क्र. १. विषय: गोल कंपनीचा फोन उत्तम असल्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, गोल कंपनीचा फोन हाती आल्यापासून निम्नस्वाक्षरीकाराचे जीवन उजळले आहे. चौकोन कंपनीच्या वस्तूस फोन म्हणणे हा फोनचा अपमान असून ती दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावण्यास योग्य आहे.’

मेहुण्याला धाडलं. मग चौकोन फोन घेतला. आता नवा मसुदा करायचा? ऑफिसात एक मसुदा मंजूर झाला की आम्ही त्यावर बावीस वर्षं काढतो. मी मजकूर तोच ठेवला, फक्त कंपन्यांची नावं उलटसुलट केली, वर जावक क्र. २ टाकला आणि दाजींना धाडलं.

राहिली कार्यालयीन प्रत. फाईल कुठून आणायची? पण माझं डोकं त्या दिवशी विजेसारखं चालत होतं. क्र. १ ची प्रत मी गोल फोनवरून चौकोन फोनला पाठवली आणि क्र. २ ची चौकोनवरून गोलला. दोन्ही प्रती सुरक्षित! मी स्वतःची पाठ थोपटली आणि झोपलो.

रविवारी बायकोने घर असं लख्ख केलं होतं, की मलाच चपला कुठे काढाव्यात ते कळेना. टेबलाच्या एका टोकाला मेहुणा, दुसऱ्या टोकाला दाजी, मधे ताई, बायको आणि मी. पहिली दहा मिनिटं फक्त चमच्यांचे आवाज.

“ताई, त्यांना म्हणावं, मीठ हवंय का?” मेहुणा म्हणाला.

“म्हणावं, बेताचंच आहे, ठीक आहे,” दाजी म्हणाले.

बायकोने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. दोन वर्षांनी दोन वाक्यं झाली होती! मग मेहुण्याने भाताचं पातेलं पुढे सरकवलं. दाजींनी मान हलवली. दोघांचाही मूड आज विलक्षण उदार होता. कारण मला माहीत होतं. घरचं गिऱ्हाईक आपल्या खिशात आहे, अशी दोघांचीही खात्री होती आणि जिंकलेल्या माणसाला मीठ विचारायला काय जातं!

“दाजी, तब्येत कशी आहे?” मेहुण्याने थेट विचारलं.

ताईचे डोळे भरून आले. माझेही आले. आणि तेवढ्यात मेहुण्याच्या पोटात गुपित मावेनासं झालं.

“आता लपवून काय ठेवायचं? भावजी, काढा आपला फोन! बघू द्या दाजींना कॅमेरा.”

दाजी हसले. “हो हो, काढ. मलाही तेच म्हणायचंय.”

“जेवण होऊ दे की,” मी म्हणालो.

“अहो, काढा ना,” बायको म्हणाली. तिला वाटलं, जुन्या फोनची चेष्टा चाललीय.

माझा डावा हात डाव्या खिशात गेला आणि गोल फोन टेबलावर आला. दाजींचा घास हातातच राहिला. मेहुण्याने ऐटीत फोन उचलला, काचेवर बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

“हे काय? ‘जावक क्रमांक दोन, कार्यालयीन प्रत. गोल कंपनीच्या वस्तूस फोन म्हणणे हा फोनचा अपमान असून...’”

“‘...ती दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावण्यास योग्य आहे,’” दाजींनी पुढचं पाठ म्हटलं. “हे तर मला लिहिलंय. पण तुझ्या फोनवर कसं?”

“तुम्हाला लिहिलंय? दाराचं वाक्य माझं आहे!”

“उजवा खिसा,” दाजी मला म्हणाले. एवढंच.

चौकोन फोनही टेबलावर आला. दाजींनी चष्मा पुसला आणि जावक क्रमांक एक खणखणीत आवाजात, विषयासकट वाचून दाखवलं. ताईने पदर तोंडाला लावला. बायकोने माझा हात सोडला. मी पाणी प्यायलो, ते ग्लासातलं नसून वाटीतला रस्सा असल्याचं नंतर कळलं.

“म्हणजे दोघांनाही तोच मजकूर?” मेहुणा म्हणाला.

“शब्द न् शब्द तोच,” दाजी म्हणाले. “मी काल रात्री हिला तीनदा वाचून दाखवला. म्हटलं, बघ, भावाने मनापासून लिहिलंय.”

“मी तर बोर्डवाल्याला दिलासुद्धा! दाजी, तुमच्या फोनला यांनी दाराला लावायची वस्तू म्हटलं?”

“तुझ्याही फोनला म्हटलं की.”

“निदान शिव्या तरी वेगळ्या द्यायच्या हो भावजी!”

“आळशी!” दाजी म्हणाले.

“अगदी बरोबर बोललात! कुणाच्या फोनचं कौतुक नाही, कुणाच्या फोनचा राग नाही. आपण दोन वर्षं जीव तोडून भांडतोय आणि यांना काही फरकच पडत नाही!”

“इकडे ये, बस असा,” दाजींनी शेजारची खुर्ची ओढली, आणि मेहुणा ताट उचलून खरोखर त्यांच्याजवळ जाऊन बसला. पुढचा तासभर दोघांनी माझी सालटी काढली. एकाचं संपलं की दुसरा सुरू करायचा. मध्येच दाजींनी त्याच्या ताटात भात वाढला. ताई आणि बायको हसून हसून एकमेकींच्या अंगावर कलंडत होत्या आणि त्या रविवारची दुपार पहिल्यासारखी संध्याकाळपर्यंत चालली. मला फार फार बरं वाटलं, हे मान्य करायला मी लाजत नाही. भांडी मी घासली.

जाताना मेहुण्याने आपला फोन उचलला, दाजींनी आपला. मी पुन्हा त्या जुन्या फोनपाशी आलो.

सोमवारी संध्याकाळी मी पहिल्यांदाच, रीतसर, पैसे घेऊन फोन विकत घ्यायला बाजारात गेलो. दोन्ही जुन्या पाट्या निघाल्या होत्या. मेहुणा गल्ल्यावर हसतमुख बसला होता.

“एक गोल फोन दे रे,” मी म्हणालो.

“छे छे, भावजी,” तो समोर बोट दाखवत म्हणाला, “तुमच्यासारखं गिऱ्हाईक मी दाजींपासून तोडणार नाही. आता नवं भांडण नको.”

मी रस्ता ओलांडला. दाजींनी चष्मा पुसून माझ्याकडे नीट पाहिलं.

“नको रे बाबा,” ते म्हणाले. “आधी तू त्याच्याकडे गेला होतास. त्याचा हक्क पहिला.”

मी आतापर्यंत अकरा वेळा तो रस्ता ओलांडलाय. दोघंही मला चहा पाजतात, खुर्ची देतात, घरची खुशाली विचारतात. दोन बड्या कंपन्यांत एवढी चुरस मी कधीच पाहिली नव्हती, मला दुसरीच्या गळ्यात मारण्यासाठी.