पोलादी जबडा आणि तक्रारवही

बाजू अ

कानाच्या डॉक्टरांनी तिघांना एकदमच आत बोलावलं आणि एका दमात सांगून टाकलं, "उरलेली श्रवणशक्ती जपायची असेल तर मोठा आवाज ऐकणं बंद!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांच्या वतीने लाँड्रीवाल्याने विचारलं, "काय म्हणालात?"

हे तिघं म्हणजे 'पोलादी जबडा'. या नावाचा एक हेवी मेटल बँड होता, हे आता सांगावं लागतं. नाव ऐकून लोकांना ती दवाखान्याची जाहिरात वाटते, आणि लोकांचंही चुकत नाही, कारण ड्रम वाजवणारा खरोखरच दंतवैद्य आहे. गिटारवाल्याची लाँड्री आहे. बेसवर दंतवैद्याचा मेहुणा. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि लिफ्टसारखाच बटण दाबल्याशिवाय हलत नाही. चौथा होता गायक. त्याला सगळे वाघ म्हणत. बावीस वर्षांपूर्वी एका कार्यक्रमानंतर वाघ स्टेजवरून उतरला तो परत चढलाच नाही. आता त्याची रोपवाटिका आहे.

लाँड्रीत शेवटच्या हँगरवर एक काळं चामडी जाकीट लटकतं. त्याला चिठ्ठी आहे: 'मालक येणार आहे.' गिऱ्हाइकं विचारतात, कोण हो मालक? लाँड्रीवाला इस्त्री फिरवत म्हणतो, "येईल, येईल." मालक तोच. जाकिटाचं बटण आता पोटावर लागत नाही, पण ते एकदा तरी अंगावर चढवायचं, लोकांसमोर, ही त्याची बावीस वर्षांची एकच इच्छा.

आणि योग आला. पोलादी जबड्याचा पहिला कार्यक्रम ज्या सभागृहात झाला, ते पाडायचं ठरलं. शेवटच्या संध्याकाळी जुन्या कलाकारांना प्रत्येकी अर्धा तास मिळणार होता.

"गायक आहे ना?" व्यवस्थापकाने विचारलं. "नसेल तर तुमचा अर्धा तास जादूगाराला देतो. तो माणूस नुसता उभा राहिला तरी लोक बघतात."

वाघाला फोन केला. "नाही," तो अगदी हळू म्हणाला.

"का पण?"

"कारण तेव्हाच सांगितलं होतं."

फोन ठेवल्यावर तिघांनी खूप डोकं खाजवलं. त्याने कारण कधी सांगितलं, ते एकालाही आठवेना.

मग लाँड्रीच्या काचेवर कागद लागला: 'गायक पाहिजे. आवाज मोठा हवा. रविवारी सकाळी अकरा. पार्किंगमागची खोली.'

राहिला कानांचा प्रश्न. तो दंतवैद्याने सोडवला. "डॉक्टर म्हणाले मोठा आवाज ऐकायचा नाही. वाजवायचा नाही असं कुठे म्हणाले?" आणि त्याने पेशंटच्या जबड्याचं माप घ्यायचा गुलाबी मसाला कालवून तिघांच्याही कानांत भरला. "पाच मिनिटं आ करून बसा," तो सवयीने म्हणाला. तेही बसले. मसाला कानात दगडासारखा बसला. काढायचा तर दाताचा चिमटा लागे आणि पाऊण तास जाई, म्हणून तालीम संपेपर्यंत तो काढायचा नाही असं ठरलं. खुणेने ठरलं, कारण तोवर ऐकू येणं थांबलेलं होतं.

रविवारी अकरा वाजले. कोणी फिरकलं नाही. अर्धा तास वाट पाहून तिघांनी वाजवायला सुरुवात केली. पार्किंगमधल्या स्कूटरींचे आरसे थरथरू लागले. आणि दार उघडलं.

पुढचा प्रसंग दोनदा सांगावा लागेल. आधी आवाज बंद ठेवून, म्हणजे त्या तिघांना दिसला तसा.

दारात साठीच्या बाई. करडा स्वेटर, चष्म्याला साखळी. त्यांनी आ वासला. मानेच्या शिरा ताणल्या. उजवं बोट छताकडे गेलं, मग थेट ड्रमकडे आलं. चेहरा लाल झाला. एक पाय आपटला, तोही नेमका ठेक्यावर. दंतवैद्य तर खुळावलाच. तीस वर्षांच्या धंद्यात इतकं मोठं तोंड स्वेच्छेने कोणी उघडलं नव्हतं. अक्कलदाढेपर्यंत लख्ख दिसत होतं. तुकडा संपला तसे तिघं उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लाँड्रीवाल्याने वाकून त्यांच्या हातात माईक दिला.

आता तेच, आवाजासकट.

"अहो, लाज आहे का काही! वर माणसं राहतात! माझ्या कपाटातली पुस्तकं एकेक करून खाली पडतायत! तुम्हाला कळतं का... टाळ्या? टाळ्या कसल्या वाजवताय? आणि हे काय?"

हे म्हणजे माईक. बाई पहिल्या मजल्यावर राहत, बरोबर या खोलीच्या डोक्यावर. चौतीस वर्षं त्या ग्रंथपाल होत्या. चौतीस वर्षं त्यांनी ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प केलं होतं आणि त्यासाठी स्वतः कुजबुजल्या होत्या. माईक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, तोंडाशी नेला आणि म्हणाल्या, "नालायक!"

भिंतीवरची पाल खाली पडली.

*सोसायटीची तक्रारवही, पहिला मजला, घर क्रमांक दोन:*

*पार्किंगमागच्या खोलीत असह्य गोंगाट. मी स्वतः जाऊन समज दिली. तिघांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हा उर्मटपणा आहे.*
*सेक्रेटरी: नोंद घेतली.*

*आज परत गेले. माझ्या उंचीचा स्टँड लावून ठेवला होता. शेजारी गरम पाण्याचा थर्मास. ही कोणती थट्टा?*
*सेक्रेटरी: नोंद घेतली.*

*आज साडेचार मिनिटं बोलले. मधे गिटारवाले थांबले आणि हाताने 'पुढे चालू द्या' म्हणाले. निवृत्तीनंतर मला पुढे बोलू देणारे हेच पहिले. तरीही तक्रार कायम.*
*सेक्रेटरी: नोंद घेतली.*

*ड्रमवाले माझ्या 'लाज आहे का'च्या आधीच ठोकतात. नंतर ठोकायला हवं. सोसायटीने यात लक्ष घालावं.*
*सेक्रेटरी: कशात?*

बाजू ब

कार्यक्रमाला चार दिवस राहिले तेव्हा दंतवैद्याच्या बायकोने मोबाइलवर तालमीचं रेकॉर्डिंग लावलं. नवी गायिका कोण, हे तिला बघायचं होतं. दोन मिनिटं ऐकलं, मग ती स्टुलावर बसली, मग स्टुलावरून खाली बसली.

"अहो, ही बाई गात नाहीये! शिव्या देतेय तुम्हाला!"

"हेवी मेटलमध्ये देतात," दंतवैद्य म्हणाला.

"नावानिशी? 'तो टकल्या ड्रमवाला' म्हणजे कोण? आणि ऐक रे दादा, तुलाही आहे. 'तो कोपऱ्यातला खांब.'"

मेहुणा बराच वेळ विचार करून म्हणाला, "खांब बरोबर आहे."

लाँड्रीवाल्याला बोलावून तिघांनी ते रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं. लाँड्रीवाल्याचा चेहरा पहिल्या धुण्यातच रंग गेलेल्या कापडासारखा झाला. त्याने जाकीट परत शेवटच्या हँगरवर लावलं आणि एकटाच जिना चढला.

"ताई, माफी मागायला आलोय. सभागृहातल्या कार्यक्रमात तुम्हीच गाणार, असं आम्ही धरून बसलो होतो. तुम्ही काय म्हणत होतात, ते आम्हाला... ऐकूच येत नव्हतं. कानात दाताचा मसाला होता."

"तीन आठवडे?"

"हो."

"म्हणजे एक शब्दही नाही?"

"एकही नाही. पण ताई, दिसत फार छान होतं."

त्या ओरडतील असं त्याला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चौतीस वर्षांच्या सवयीने कुजबुजल्या, "मला वाटलं, कोणीतरी ऐकतंय." आणि त्यांनी दार लावलं. आवाज न करता.

लाँड्रीवाल्याने सभागृहात फोन करून जादूगाराला अर्धा तास देऊन टाकला.

*तक्रारवही:*

*दोन दिवस खोलीतून कसलाही आवाज नाही. कारण कळवावं.*
*सेक्रेटरी: शांतता आहे, ही तक्रार आहे का?*
*होय.*

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी लाँड्रीत गिऱ्हाइकांची रांग होती. रांग बाजूला सारत ग्रंथपाल बाई आत आल्या आणि काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, "मी त्या व्यवस्थापकाला भेटून आले."

"का हो ताई?"

"तक्रार करायला. अर्धा तास तुमच्या नावावर नोंदलेला होता. नोंद झालेली वस्तू परस्पर दुसऱ्याला देतात? आमच्याकडे असं झालं असतं तर दंड बसला असता! तो जादूगार तिथेच उभा होता. मी बोलायला लागले आणि तो दिसेनासा झाला."

"म्हणजे तुम्ही येणार?"

"एक अट आहे. कानातलं काढायचं. आणि एवढ्या हळू वाजवायचं, की मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळेल." मग त्यांनी शेवटच्या हँगरकडे बोट केलं. "तिथे लिहिलंय मालक येणार आहे. केव्हा येणार आहे?"

संध्याकाळी सभागृह भरलं. जुने चाहते आले होते, काही गुडघ्याला पट्टा बांधून. जाकिटाचं बटण लागलं नाही, म्हणून लाँड्रीवाल्याने गिटारच पोटावर घट्ट धरली. बाई माईकपाशी गेल्या. प्रेक्षकांत शिट्ट्या सुरू झाल्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

तीनशे माणसं चिडीचूप.

एवढी शांतता त्या तिघांनी आयुष्यात प्रथमच ऐकली, तीही मोकळ्या कानांनी. मग बाई वळून दंतवैद्याला म्हणाल्या, "आता. माझ्या नंतर." आणि त्यांनी चौतीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर काढलं. पुस्तकाची पानं फाडणारे, कोपरे दुमडणारे, फोनवर बोलणारे, वर राहणाऱ्यांची पर्वा न करणारे, सगळ्यांचा उद्धार झाला. दंतवैद्याने प्रत्येक ठोका नंतर मारला. खांबसुद्धा थोडा हलला. तिसऱ्या कडव्याला सगळं सभागृह एका सुरात विचारत होतं, "लाज आहे का?"

पडद्यामागे वाघ आला. हातात फुलझाडाची कुंडी, डोळे ओले.

"बाईंचा शब्द न् शब्द कळला," तो म्हणाला. "माझं नशीब नव्हतं तेवढं."

"अरे, तूही काय गायचास!" लाँड्रीवाल्याने त्याला मिठी मारली. "तो शेवटचा कार्यक्रम आठवतो? शेवटच्या गाण्यात वीस मिनिटं तू जो काही पेटला होतास!"

"गात नव्हतो रे," वाघ म्हणाला. "राजीनामा देत होतो."

*तक्रारवही, महिन्याभरानंतर. हस्ताक्षर वेगळं:*

*पहिल्या मजल्यावर घर क्रमांक दोनमध्ये रोज सकाळी रियाझ चालतो. मी, या सोसायटीचा सेक्रेटरी, स्वतः वर जाऊन कडक शब्दांत समज दिली. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातात माईक दिला. रविवारी अकराला बोलावलं आहे. गरम पाण्याचा थर्मास मी माझा नेणार आहे.*

*घर क्रमांक दोन: नोंद घेतली.*