फक्त इंजिनांसाठी

एखादी व्यवस्था ज्याच्यासाठी उभारली तोच नाहीसा झाला, म्हणून ती बंद करणं हा निव्वळ उतावीळपणा होय. आमच्या घाटातल्या रेल्वेने तो कधी केला नाही. वाफेची इंजिनं भंगारात गेली त्याला एक पिढी उलटली, पण स्टेशनाबाहेरची लोखंडी टाकी आजही रोज काठोकाठ भरली जाते. (एखादं इंजिन तहानलेलं आलंच, तर नाचक्की नको.)

टाकी भरतो पंपवाला. त्याची बायको मात्र घरचं पाणी दरीतल्या झऱ्यावरून डोक्यावर आणते, कारण टाकीवर लिहिलंय: 'फक्त इंजिनांसाठी'. पंपवाला नियमाचा पक्का. घसा कोरडा पडला तरी त्याने टाकीकडे कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही.

यंदा झरा आटला. बाईंनी घागर उचलली आणि भर दुपारी, सर्वांदेखत, टाकीच्या नळाखाली धरली. तक्रार खुद्द नवऱ्याने केली. (आधी त्याच घागरीतलं पाणी प्यायला. कोरड्या घशाने तक्रार नीट होत नाही.)

चौकशीला शहरातून साहेब आले. पाणी इंजिनाचं आहे हे ठाऊक होतं का, असं त्यांनी विचारलं.

"ठाऊक होतं की," बाई म्हणाल्या. "पण इंजिन म्हणजे नक्की काय, ते सांगा ना साहेब."

साहेब अभ्यासू. त्यांनी व्याख्या सांगितली: जे विस्तवाशी राबतं, ओझं घेऊन चढ चढतं, दाब वाढला की आवाज करतं आणि पाणी न मिळाल्यास फुटतं, ते इंजिन. शेवटी शेवटी त्यांचा आवाज बारीक झाला. स्टेशनमास्तर उगाच खिडकीबाहेर बघू लागले. बाई घाम पुसत उभ्या होत्या.

निकाल रीतसर लागला. बाईंना इंजिन म्हणून मान्यता मिळाली (जुनी बनावट, चालू स्थितीत). पंपवाल्याचं घर इंजिन-शेड ठरलं. तो उशिरा आला की दारातच त्याला लाल कंदील दिसतो. अट एकच: वळणावर शिट्टी वाजवावी. बाई शिकल्या. मग वस्तीतल्या सगळ्याच बायका मान्यता घेऊन, शिट्ट्या वाजवत पाण्याला येऊ लागल्या. डिझेलगाडीचा ड्रायव्हर आता गाडी बाजूला घेऊन त्यांना आधी जाऊ देतो. वाफेचं युग परतल्याचं रेल्वेने अभिमानाने जाहीर केलं आहे.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त हे वाचताना हातात जो आयता चहा आहे, तो कुठल्या इंजिनाने आणून दिला आणि तिला आज कुणी पाणी विचारलं का, तेवढं बघा. दाब काही सांगून वाढत नाही.